जिभेला लागलेलं वळण

मेअखेरीस मंगळूरच्या किनाऱ्यावरच्या काही गोदामांत एक उलटा प्रकार सुरू होतो. पावसाळा तोंडावर आला की लोक धान्य, मसाले, पापड आत घेतात, डब्यांची झाकणं घट्ट लावतात. या गोदामांच्या बाजू मात्र मुद्दाम उघड्या ठेवलेल्या असतात. कॉफीचा कच्चा दाणा जमिनीवर चार-सहा इंचांच्या थरात पसरायचा आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्याची वाट पाहायची. दाणा अधूनमधून वरखाली करायचा, मग पोत्यांत सैलसर भरायचा आणि मधून वारा खेळेल अशा बेताने पोत्यांच्या ओळी लावायच्या. काही दिवसांनी एका पोत्यातला माल दुसऱ्यात ओतायचा. तीन-साडेतीन महिने हेच. सप्टेंबर उलटेपर्यंत दाणा फुगून जवळपास दुप्पट होतो, हिरवेपणा जाऊन फिकट सोनेरी दिसू लागतो आणि त्याचा आंबटपणा पार मावळतो. या मालाला ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणतात. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि युरोपात त्याला गिऱ्हाईकही आहे.

या खटाटोपाचं मूळ शिडाच्या जहाजांत आहे. त्या काळी मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. कित्येक महिने ती जहाजाच्या तळघरात खाऱ्या, ओलसर हवेत पडून राहायची आणि पोहोचेपर्यंत पिवळी पडलेली असायची. व्यापारी भाषेत हा माल खराब झालेला होता, पण उत्तर युरोपातल्या पिणाऱ्यांना कॉफी म्हणजे हीच एवढंच माहीत होतं. पुढे वाफेची जहाजं आली, १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि कॉफी लवकर, ताजी, हिरवीगार पोहोचू लागली. गिऱ्हाइकांची तक्रार आली की चव गेली. तेव्हा जे नुकसान प्रवासात आपोआप व्हायचं ते किनाऱ्यावर हाताने करायची सोय करावी लागली. ती आजतागायत चालू आहे.

कोणत्या देशात कशी कॉफी आवडते यावर हौशी लेखन पुष्कळ आहे. तुर्कांना गाळ चालतो, इटालियनांना घोटभर लागते, अमेरिकनांना बादलीभर, अशा याद्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. त्या चुकीच्या नसतात, पण त्यांत समाजाची आवड ही जणू त्याच्या रक्तातून आलेली असते. प्रस्तुत व्याख्यानाचं म्हणणं वेगळं आहे. या आवडी बहुतेक वेळा जहाजाच्या वेळापत्रकातून, कराच्या वटहुकमातून, दुधाच्या टंचाईतून किंवा युद्धातून आलेल्या आहेत. अडचण सरते, चव मागे राहते, आणि दोन पिढ्यांनी तिला परंपरा म्हणू लागतात.

व्याख्यानाला हा विषय चैनीचा वाटेल. राज्यकर्त्यांना तो तसा कधी वाटला नाही. १५११ साली मक्केत कॉफीवर बंदी आली. १६७५च्या डिसेंबरात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने सगळी कॉफीगृहं बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि लोक इतके खवळले की काही दिवसांतच तो मागे घेतला. स्वीडनमध्ये १७५६पासून पुढच्या सहा-सात दशकांत कॉफीवर अनेकदा बंदी आली आणि उठली. आज दरडोई सर्वाधिक कॉफी पिणाऱ्या देशांत तो वरच्या रांगेत आहे.

सुरुवात मुळापासून करायची तर इथिओपियापासून करावी लागते. तिथे कॉफीला ‘बुना’ म्हणतात. पाहुणे आले की घरातली बाई जमिनीवर ताजं गवत पसरते, धूप लावते, कच्चे दाणे धुऊन निखाऱ्यावरच्या तव्यात भाजते. भाजत आले की तवा पाहुण्यांपुढून फिरतो आणि प्रत्येकाने धूर हाताने आपल्याकडे ओढून वास घ्यायचा. मग दाणे कुटून ‘जबना’ नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात. फेऱ्या तीन : अबोल, तोना, बरका. चोथा तोच, पाणी नवं, त्यामुळे पहिली फेरी कडक आणि तिसरी पांचट. पण ‘बरका’ म्हणजे आशीर्वाद, ती न घेता उठणं बरं दिसत नाही. सोबत मक्याच्या लाह्या. खेड्यांत कुठे साखरेऐवजी मीठ घालतात, कुठे लोणी. आपल्या पिकातली जवळपास निम्मी कॉफी हा देश स्वतःच पितो. शेजारचा केनिया उत्तम कॉफी पिकवतो, ती परदेशी पाठवतो आणि स्वतः दुधाचा चहा पितो. पिकवणारा आणि पिणारा यांची अशी फारकत कॉफीच्या धंद्यात जागोजाग दिसते.

येमेनचंच पाहा. पंधराव्या शतकात तिथल्या सूफींनी रात्रीच्या उपासनेत जागं राहण्यासाठी कॉफी जवळ केली आणि पुढे मोखा बंदरातून ती जगभर गेली. पण सर्वसामान्य येमेनी माणूस पीत आला तो ‘किशर’, म्हणजे दाण्यावरच्या वाळलेल्या टरफलांचा आलं घालून केलेला काढा. दाणा विकायचा, टरफल घरी ठेवायचं. कोकणातला बागायतदार पेटीचा आंबा मुंबईला धाडून घरी डागी फळ खातो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की किशराची लोकांना पुढे खरोखरच गोडी लागली.

अरबस्तानातली कॉफी पाहून आपल्याकडच्या माणसाला ती कॉफी आहे यावर विश्वास बसत नाही. दाणा इतका हलका भाजतात की पेय पिवळसर, जवळजवळ गवती चहासारखं दिसतं. त्यात वेलदोडा सढळ हाताने घालतात, कधी केशर. साखर नसते, ती उणीव सोबतचा खजूर भरून काढतो. कानाविना छोट्या पेल्यात तळाशी थोडीशीच ओततात. पेला काठोकाठ भरला तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो. पुरे झाली की पेला हाताने हलवायचा, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. यातल्या वेलदोड्याची वाट मोठी गमतीची आहे. जगात वेलदोडा सर्वाधिक पिकतो तो आता मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात. तिथे तो रोजच्या स्वयंपाकात फारसा कोणी वापरत नाही. त्यातला मोठा हिस्सा अरबांच्या कॉफीसाठी जातो. ग्वाटेमाला स्वतः कॉफीसाठी नावाजलेला देश आहे, त्यामुळे अरबी पेल्यात तो दोन्ही वाटांनी उतरू शकतो.

तुर्कस्तानचं उदाहरण तर या व्याख्यानासाठी मुद्दाम घडवल्यासारखं आहे. इस्तंबूलला १५५०च्या दशकात कॉफीगृहं आली आणि पुढे तीनशे वर्षं ‘तुर्की कॉफी’ हे नाव जगभर गाजलं. पण येमेन ऑटोमन साम्राज्यात होतं तोवर दाणा घरचा होता. पहिल्या महायुद्धाबरोबर साम्राज्य गेलं, येमेन गेलं आणि कॉफी परकीय चलन मोजून आणायची चीज झाली. नव्या प्रजासत्ताकाने काळ्या समुद्राकाठी रिझे भागात चहाची लागवड वाढवली. आज माणशी चहा पिण्यात तुर्कस्तान जगात सर्वांत वर आहे. कॉफी मात्र समारंभात टिकून राहिली. मुलगी पाहायला आलेल्यांना तिनेच कॉफी करून द्यायची असते आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालायची चाल आहे. त्याने ती तोंड वेडंवाकडं न करता प्यायली तर पुढची बोलणी. आपल्याकडच्या कांदेपोह्यांत परीक्षा मुलीचीच असते, हे जाता जाता नोंदवायला हवं. २०१३ साली युनेस्कोने तुर्की कॉफीची संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा त्या देशाचं रोजचं पेय कधीच बदललेलं होतं.

युरोपात टंचाईने जे घडवलं त्याचं नाव चिकोरी. ही एका झाडाची मुळी. भाजून दळली की काळी, कडू, किंचित गोडसर पूड होते, पण तिच्यात कॅफिनचा कण नसतो. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक कॉफीवर पैसा बाहेर जातो म्हणून चिडलेला होता. १७७७ साली त्याने प्रजेला बिअर प्या असं बजावलं आणि १७८१ साली कॉफी भाजण्याचा हक्क सरकारकडे घेतला. चोरून कोण भाजतो हे हुंगून काढण्यासाठी निवृत्त सैनिक गल्ल्यांतून फिरवले. लोकांनी ‘कॉफी हुंगे’ असं त्यांचं नाव पाडलं आणि चिकोरीचा आसरा घेतला. नेपोलियनने १८०६ साली ब्रिटिश मालाची नाकेबंदी केली तेव्हा फ्रान्सही त्याच वाटेने गेला. नाकेबंदी उठल्यावर कॉफी परत आली, पण चिकोरी हटली नाही. अमेरिकेत यादवी युद्धाच्या नाकेबंदीत न्यू ऑर्लिन्सने हाच धडा पुन्हा गिरवला. तिथली चिकोरीवाली दुधाची कॉफी आज पर्यटक रांगा लावून पितात.

हीच मुळी मुंबईतही आली. १८८८ साली पेस्तनजी एडलजी या पारशी तरुणाने मुंबईत कॉफी दळून विकायचं छोटं दुकान काढलं. त्याचं लाडकं नाव ‘पॉली’, त्यावरून धंद्याचं नाव ‘पॉल्सन’. पुढे हे नाव लोण्यासाठी घरोघर झालं, पण त्याआधी ते कॉफीचं होतं, आणि ‘पॉल्सन्स फ्रेंच कॉफी’ म्हणजे कॉफी आणि चिकोरी यांचं मिश्रण. आज भारतात चिकोरी पिकते ती मुख्यतः गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात. कायद्याने मिश्रणात निम्म्याला जरा कमी, ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. दक्षिणेतली घट्ट, काळी, दुधात न हरवणारी फिल्टर कॉफी पुष्कळशी या मुळीच्या जोरावर उभी आहे. शुद्ध कॉफी पिणारे तिला भेसळ म्हणतात. फिल्टर कॉफीच्या कुंभकोणमला तसं बोलून पाहावं.

आता इटली. एस्प्रेसो हा इटालियन स्वभावाचा अर्क आहे, झटपट, तीव्र, नाट्यमय, असं लिहायची पद्धत आहे. पण ज्याला आज एस्प्रेसो म्हणतात तो शंभर वर्षांचाही नाही. तुरीनच्या अँजेलो मोरिओन्दोने १८८४ साली वाफेवरच्या यंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली ते एकेक कप काढण्याजोगं केलं. त्या यंत्रांत दाब जेमतेम दीड वातावरणाचा. कॉफी झटकन निघे पण करपट, आणि तिच्यावर फेस नसे. आकिले गाज्जियाने दट्ट्या आणि दांडा वापरून दाब आठ-नऊ वातावरणांवर नेला. त्याचं हे यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलं. आता कपावर तपकिरी साय दिसू लागली. गिऱ्हाइकांना ही काय घाण तरंगते आहे असं वाटलं, असं सांगतात. गाज्जियाने तिलाच ‘कॉफीची नैसर्गिक साय’ म्हणून यंत्रावर मिरवलं. आज ती साय नसेल तर इटालियन माणूस कप परत करतो.

उभ्याने पिण्यामागेही एक कायदा आहे. १९११ साली इटलीत नगरपालिकांना गरजेच्या वस्तूंचे कमाल दर ठरवायचा अधिकार मिळाला, आणि काउंटरवर न बसता घेतलेली कॉफी त्यांत धरली गेली. खुर्चीवर बसलात की ती सेवा झाली, तिचा दर दुकानदाराचा. त्यामुळे काउंटरची कॉफी स्वस्त राहिली, मालकाचा फायदा कपांच्या संख्येवर आला आणि लोकांना दोन घोटांत आटोपून निघायची सवय लागली. आजही काउंटरवर साधी एस्प्रेसो सव्वा-दीड युरोच्या आत मिळते आणि रोमच्या चौकात टेबलाशी बसलं की तिचाच भाव कितीतरी पट होतो. मुसोलिनीच्या राजवटीने यात आणखी भर घातली. १९३५ साली इटलीने इथिओपियावर, म्हणजे कॉफीच्या माहेरावरच हल्ला केला. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले, आयात आटली, घरोघर भाजलेल्या जवाची ‘कॉफी’ सुरू झाली. ती ‘ओर्झो’ या नावाने अजून तिथल्या कॉफीबारमध्ये मिळते, आणि आता आरोग्यासाठी म्हणून लोक ती मागून घेतात. घरगुती कॉफीचं अष्टकोनी मोका पात्र बियालेत्तींनी १९३३ साली काढलं ते ॲल्युमिनियमचं. तो धातू देशातच मिळे. नेपल्समध्ये दोन कपांचे पैसे देऊन एकच पिण्याची, दुसरा कोणा अनोळखी गरजवंतासाठी ‘टांगून’ ठेवण्याची चाल आहे. त्या शहरातला माणूस कॉफी ही चैन मानत नाही, हे या चालीवरून समजतं.

भारतीय श्रोत्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या कॉफीतला सुमारे दोन तृतीयांश माल परदेशी जातो आणि मोठ्या खरेदीदारांत इटली आहे. तिथे एस्प्रेसोच्या मिश्रणात दाटपणा आणि साय यांसाठी रोबस्टा जातीचा दाणा लागतो. इटलीच्या खास म्हणवल्या जाणाऱ्या कपात कर्नाटकातल्या कोडगूचा दाणा असण्याची शक्यता चांगलीच असते.

रोबस्टाचा खरा दरारा मात्र व्हिएतनाममध्ये. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८५७च्या सुमारास तिथे कॉफी नेली. फ्रेंच माणसाला ती दुधासह हवी आणि त्या उष्ण मुलुखात ताज्या दुधाची परंपरा नव्हती. म्हणून डब्यातलं घट्ट, गोड दूध आलं. मध्य व्हिएतनामच्या पठारावर रोबस्टा जोमाने आला. त्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या सुमारे दुप्पट कॅफिन असतं आणि कडवटपणाही तसाच. त्या कडूपणाला तेवढंच गोड दूध झेपतं. काचेच्या पेल्यात बोटभर कंडेन्स्ड मिल्क, वर पत्र्याची छोटी गाळणी, तिच्यातून थेंबथेंब गळणारी काळीभोर कॉफी, मग ढवळून बर्फावर. १९४६ साली हनोईत दुधाचाही दुष्काळ पडला, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्ग्युएन वान झांग यांनी अंड्याचा बलक साखरेशी फेसून दुधाच्या जागी घातला. अंड्याच्या कॉफीचं त्यांच्या नावाचं दुकान हनोईत अजून चालतं. दूध आता मुबलक आहे, तरीही लोक अंड्याचीच मागतात.

बाकीच्या देशांत फार रेंगाळायला नको. फिनलंडमध्ये माणशी वर्षाला दहा किलोंच्या आसपास कॉफी लागते, ती फिकट भाजलेली असते आणि कॉफीची सुटी अनेक कामगार करारांत लिहिलेली असते. लॅपलंडकडे गरम कॉफीत चीजचे तुकडे टाकून मग चमच्याने खातात. जपानने १९६९ साली दुधाळ कॉफी डब्यात भरली आणि ती रस्त्यावरच्या यंत्रांतून गरम-गार विकली. ग्रीसची बर्फाळ ‘फ्रापे’ १९५७ साली थेस्सालोनिकीच्या व्यापारी जत्रेत जन्मली. एका विक्रेत्याला गरम पाणी मिळालं नाही, म्हणून त्याने झटपट कॉफी थंड पाण्यात घुसळली, एवढीच तिची जन्मकथा.

आवड एकदा मुरली की ती पैशालाही दाद देत नाही. ऑस्ट्रेलियात युद्धोत्तर काळात आलेल्या इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी गल्लोगल्ली एस्प्रेसोची यंत्रं बसवली होती. तिथे २००० साली स्टारबक्स गेलं आणि २००८ साली त्याला ८४पैकी ६१ दुकानं बंद करावी लागली. ज्या मिलानवरून या कंपनीला कॉफीबारची कल्पना सुचली, तिथे पाय ठेवायला तिने २०१८ साल उजाडू दिलं.

आपल्याकडे बाबा बुदान यांनी येमेनहून सात दाणे दडवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावले, ही सतराव्या शतकातली आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. पण पीक आलं म्हणून पिणं आलं नाही. तमिळ घरात सकाळी आदल्या रात्रीच्या भातातलं पाणी प्यायची रीत होती. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉफी या घरात शिरली तेव्हा उडालेला गोंधळ तपशिलाने मांडला आहे. ही दारूसारखी सवय लागेल, बायका बिघडतील, शरीर खंगेल, अशी ओरड होती. पुढच्या काही दशकांत तीच कॉफी मध्यमवर्गीय ब्राह्मण घराची खूण झाली आणि चहा कष्टकऱ्यांचा ठरला. कॉफी हॉटेलांत ब्राह्मणांना वेगळी जागा असे, पाट्यांवर ‘ब्राह्मण’ हा शब्द असे. १९५७ साली द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्या अनुयायांनी मद्रासमध्ये ‘मुरली कॅफे’पुढे या शब्दाविरुद्ध आंदोलन केलं. पितळेचा दवरा आणि काठ वळवलेला टंबलर आज सुंदर भांडी म्हणून विकली जातात. त्या वळवलेल्या काठामुळे ओठ न लावता वरून घोट ओतता येतो, आणि उष्ट्याखरकट्याच्या सोवळ्यात ते सोयीचं होतं. चव म्हणून ज्या वाफेचं, फेसाचं कौतुक होतं, त्यात हाही इतिहास विरघळलेला आहे. तंजावरच्या मराठी घरांनीही याच फिल्टरची, याच डिकॉक्शनची सवय लावून घेतली.

मुंबईला कॉफी दोन वाटांनी मिळाली. एक सरकारी : मंदीत युरोपचा बाजार कोसळला तेव्हा मळेवाल्यांचा माल देशातच खपावा म्हणून १९३५ साली कॉफी उपकर समिती नेमली गेली आणि १९३६ साली चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. साहित्यिक आणि डाव्यांचा अड्डा म्हणून ज्या संस्थेचं नाव झालं, ती मुळात विकला न जाणारा माल खपवायची युक्ती होती. दुसरी वाट माटुंग्याची, तिथल्या तमिळ वस्तीची आणि उडुपी खानावळींची. मुंबईभोवतीच्या महाराष्ट्रात मात्र चहाने आधीच ठाण मांडलं होतं. चहा मंडळाचे प्रचारक स्टेशनांवर, गिरण्यांच्या दारात, गावजत्रांत फुकट कप वाटत फिरत होते. कॉफीवाल्यांकडे तेवढा पैसाही नव्हता आणि चहाच्या भुकटीइतका स्वस्त मालही नव्हता.

म्हणून मराठी घरात कॉफीचं स्थान वेगळं ठरलं. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची, उपासाची, पावसाळी संध्याकाळची, जागरणाची. तिची कृतीही फिल्टरशी नातं सांगत नाही. पातेल्यात दूध, साखर, चिकोरीमिश्रित पूड, उकळी, वरून किसणीवर किसलेलं जायफळ, थोडी वेलची, मग गाळणं. या पदार्थांकडे पाहिलं तर मराठी घराने कॉफीला चहाशेजारी न ठेवता थेट बासुंदी-श्रीखंडाच्या पंगतीत बसवलं, असंच म्हणावं लागतं. विसाव्या शतकाच्या शेवटी लग्नांत वाफेच्या यंत्रातून फसफसणारी, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली ‘एस्प्रेसो’ आली, तीही दुधाची आणि गोडच. मिलानचा माणूस तिला ओळखणार नाही. पण कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या त्या यंत्रापुढची पोरांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती कमअस्सल म्हणवणार नाही.

जायफळाचा प्रश्न मात्र उरतोच. कॉफी झोप उडवते म्हणून जागरणाला करायची, आणि जायफळ झोप आणतं म्हणून तान्ह्या मुलाला उगाळून चाटवायचं. ही दोन्ही एकाच पातेल्यात घालून रात्री नऊ वाजता पिणारा समाज जगात दुसरीकडे फारसा आढळत नाही. त्यातलं कोण कोणावर मात करतं याबद्दल घराघरांत मतभेद आहेत. आज्या जायफळाच्या बाजूच्या असतात, परीक्षेला बसलेली मुलं कॉफीच्या, आणि गाळणं हातात असलेली बाई दोघांनाही न विचारता जायफळ आणखी दोनदा किसणीवरून फिरवते.